परवान्यावरची सही

१६ जून १९९६ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड व्हिक्टोरिया राज्यातल्या सेल नावाच्या गावी भाषणाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या कोटाखाली बुलेटप्रूफ जाकीट होते. ते लपले नाही. पाठीवरचा फुगवटा छायाचित्रांत स्वच्छ दिसला, आणि भाषण बाजूला राहून चर्चा जाकिटाचीच झाली. समोर बंदूकमालकांची मोठी गर्दी होती. मेंढपाळ, शेतकरी, सशा-डुकरांच्या शिकारीला जाणारे, सुट्टीच्या दिवशी क्लबात नेमबाजी करणारे. ही मंडळी बहुतांशी हॉवर्ड यांच्याच आघाडीची मतदार. एखाद्या शहरी, डाव्या पंतप्रधानाने बंदुका काढून घेतल्या असत्या तर त्यांना नवल वाटले नसते. आपल्याच माणसाने घात केला, हा राग मात्र पोटातून आलेला होता.

निमित्त घडले होते २८ एप्रिलला. टास्मानिया बेटावर पोर्ट आर्थर येथे कैद्यांच्या जुन्या वसाहतीचे अवशेष आहेत आणि ते पाहायला पर्यटक येतात. तिथे एका तरुणाने अर्ध-स्वयंचलित रायफलींनी ३५ माणसे मारली. त्याच्याकडे परवाना नव्हता. पण टास्मानियाचा कायदा इतका सैल होता की लांब नळीच्या बंदुकांची नोंद ठेवणेही बंधनकारक नव्हते. हॉवर्ड सरकारला सत्तेवर येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. बाराव्या दिवशी, १० मेला, सर्व राज्यांच्या पोलीस खात्यांच्या मंत्र्यांनी राष्ट्रीय शस्त्र कराराला मान्यता दिली. मुळात हा विषय तिथल्या संविधानानुसार केंद्राच्या हातात नाही, राज्यांच्या हातात आहे. केंद्राला फक्त आयात रोखता येते. हॉवर्ड यांनी ती रोखलीच, शिवाय राज्ये ऐकणार नसतील तर देशभर सार्वमत घेऊ, असा दमही भरला.

करारात काय होते? अर्ध-स्वयंचलित रायफली, अर्ध-स्वयंचलित आणि पंप-ॲक्शन शॉटगन सामान्य नागरिकांसाठी बंद. उरलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद. खरेदीची परवानगी मिळण्याआधी २८ दिवस थांबायचे. घरात बंदूक कुलपात ठेवायची. आणि माझ्या मते सर्वांत वजनदार अट अशी, की परवाना मागणाऱ्याने खरे कारण द्यायचे आणि स्वसंरक्षण हे खरे कारण धरले जाणार नाही. शेती चालेल, शिकार चालेल, क्लबातली नेमबाजी चालेल. ‘मला जिवाची भीती आहे’ चालणार नाही. ही अट वाचकाने लक्षात ठेवावी, आपल्याकडे आल्यावर तिची गरज लागणार आहे.

सरकारने कुणाची मालमत्ता घेतली तर रास्त मोबदला द्यावा, असेही ते संविधान सांगते. म्हणून बंदुका जप्त न करता विकत घ्याव्या लागल्या. त्यासाठी मेडिकेअर या आरोग्ययोजनेचा कर एका वर्षापुरता दीड टक्क्यावरून १.७ टक्के केला गेला. साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका जमा झाल्या आणि मोडीत निघाल्या. राजकीय बिल वेगळे आले. ग्रामीण भागातल्या नॅशनल पक्षाचे नेते आणि उपपंतप्रधान टिम फिशर यांनी कराराची पाठराखण केली, तर त्यांच्याच भागात त्यांचे पुतळे फासावर लटकवले गेले. १९९८ मध्ये क्वीन्सलँडच्या निवडणुकीत वन नेशन हा नवा, भडक पक्ष ८९ पैकी ११ जागा जिंकून गेला आणि नॅशनल पक्षाचे राज्य सरकार कोसळले. पुढाऱ्यांनी मनावर घेतले की कायदा चुटकीसरशी होतो, असे समजणाऱ्यांनी हा निकाल जरूर पाहावा.

इतके करून साधले काय? समर्थकांचा लाडका आकडा असा: १९७९ ते १९९६ या काळात पाच किंवा अधिक बळी घेणारे १३ सामूहिक गोळीबार झाले, १९९७ पासून मे २०१६ पर्यंत एकही नाही. आकडा खरा आहे. सायमन चॅपमन आणि सहकाऱ्यांच्या ज्या २०१६ च्या निबंधात तो आहे, त्याच निबंधात विरोधकांच्या कामाची माहितीही आहे. बंदुकीने होणारे मृत्यू १९९६ पूर्वीही दरवर्षी सरासरी ३ टक्क्यांनी घटतच होते. नंतर ही घट ४.९ टक्क्यांवर गेली. म्हणजे उतार आधीच लागला होता, तो आणखी तीव्र झाला. पण बंदुकीविना होणाऱ्या हत्या आणि आत्महत्याही त्याच सुमारास कमी होऊ लागल्या. तेव्हा ही घट कायद्यामुळेच झाली असे ठामपणे सांगता येत नाही, हे लेखकांनी स्वतःच नोंदवले.

विरोधकांकडे याहून धारदार हत्यार होते, ते म्हणजे शेजारचा न्यूझीलंड. तिथे ऑस्ट्रेलियासारखी बंदी आली नव्हती, आणि १९९७ नंतर दोन दशके तिथेही मोठा सामूहिक गोळीबार झाला नव्हता. मग श्रेय कायद्याला कसे द्यायचे? हा प्रश्न बिनतोड वाटत होता. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर हल्ला झाला. ५१ माणसे गेली. हल्लेखोर ऑस्ट्रेलियाचा नागरिक होता आणि मायदेशी त्याला मिळाली नसती अशी अर्ध-स्वयंचलित रायफल त्याने न्यूझीलंडमध्ये परवान्यावर विकत घेतलेली होती. महिनाभरात तिथल्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी बंदी आणली.

याने समर्थकांची बाजू सिद्ध झाली का? भावनेच्या अंगाने झाली, हिशेबाच्या अंगाने नाही. एका हल्ल्याने काहीच सिद्ध होत नाही, जसे वीस वर्षांच्या शांततेनेही झाले नव्हते. आणि उलट बाजूचे उदाहरणही आता आहे. १४ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर हनुक्काचा सण साजरा करणाऱ्या ज्यू समुदायावर गोळीबार झाला, १५ जणांचा बळी गेला. दोघा हल्लेखोरांपैकी एकाकडे रीतसर परवाना आणि सहा नोंदणीकृत बंदुका होत्या. १९९६ च्या करारात प्रत्येक बंदुकीला कारण द्यावे लागत होते. एका माणसाकडे एकूण किती असाव्यात, यावर राष्ट्रीय मर्यादा नव्हती. नोंदवह्या राज्याराज्यांच्या वेगळ्या राहिल्या. सगळ्या देशाची एकच नोंदवही करायचे २०२३ च्या डिसेंबरात ठरले, आणि मुदत धरली २०२८ ची.

सामूहिक हत्याकांड हा या वादातला सर्वांत मोठ्या आवाजाचा आणि पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत अशक्त मुद्दा आहे, असे माझे मत होत गेले आहे. अशा घटना इतक्या भीषण असतात की कायदे त्यांच्यामुळे होतात. आणि संख्येने इतक्या तुरळक असतात की कायद्याचा परिणाम त्यांच्यावरून मोजता येत नाही. समर्थकांचा भक्कम पुरावा दुसरीकडे आहे. त्याबद्दल कुणी मोर्चे काढत नाही.

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. दूरचित्रवाणीवर दिसणारी बंदूक शाळेत शिरलेल्या माथेफिरूच्या हातातली असते. जास्त माणसे मारणारी बंदूक घरातल्या कपाटात असते. स्वतःला संपवण्याची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. ती ओसरली आणि माणूस वाचला, तर असे वाचलेले बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. त्या वेळी हाताशी काय आहे, यावर सगळे ठरते. आणि बंदूक दुसरी संधी क्वचितच देते.

‘ज्याला मरायचेच आहे तो दुसरा मार्ग शोधेल’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. त्याची परीक्षा दोन सैन्यांनी घेतली. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये सुट्टीवर घरी जाणाऱ्या जवानांना रायफल तळावरच ठेवायला सांगितले. त्यानंतर तरुण जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. स्वित्झर्लंडमध्ये नागरिक-सैनिक आपले शस्त्र घरी ठेवतात. २००३ च्या सुधारणेत तिथले सैन्य जवळपास निम्मे झाले, घराघरांतल्या लष्करी बंदुका कमी झाल्या आणि त्या वयोगटातल्या पुरुषांच्या आत्महत्या कमी झाल्या. टळलेल्या मृत्यूंपैकी सुमारे पाचवा हिस्साच दुसऱ्या मार्गाकडे वळल्याचे संशोधकांना आढळले. श्रीलंकेत हेच कीटकनाशकांबाबत घडले. सर्वांत जहाल औषधे १९९० च्या दशकात बाजारातून काढली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे अधिक समजावून सांगायची गरज नाही.

मग २८ दिवस थांबण्याची अट निव्वळ कागदी घोडे वाटत नाही. अमेरिकेतल्या दोन राज्यांची जोडीही हेच सुचवते. कनेक्टिकटने १९९५ मध्ये पिस्तूल घेण्याआधी परवाना सक्तीचा केला. मिसुरीने असलेली सक्ती २००७ मध्ये काढून टाकली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांना पहिल्या राज्यात बंदुकीने होणाऱ्या हत्या अपेक्षेपेक्षा घटलेल्या दिसल्या, दुसऱ्यात वाढलेल्या. बंदी कुठेच नव्हती. फक्त दुकान आणि ग्राहक यांच्यामध्ये एक टेबल होते, किंवा नव्हते.

यावर विरोधक एक प्रश्न विचारतात आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. दुसऱ्या कुणाच्या निराशेपायी माझा हक्क का जावा? मी शहाणा, कायदा पाळणारा माणूस आहे. माझे घर वस्तीपासून दूर आहे. पोलीस यायला पाऊण तास लागतो. अमेरिकेत हा प्रश्न आणखी टोकदार आहे. पोलिसांनी विशिष्ट नागरिकाला वाचवलेच पाहिजे, असा घटनात्मक हक्क त्या नागरिकाला नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका खटल्यात सांगितले. त्या खटल्यातल्या आईने पोलिसांना पुन्हा पुन्हा विनवले होते, आणि तिच्या तीन मुली बापाच्या हातून मारल्या गेल्या होत्या. १९९२ च्या लॉस एंजेलिसच्या दंगलीत पोलीस दिसेनासे झाले, तेव्हा कोरियन दुकानदार छतांवर बंदुका घेऊन बसले. त्यांना कायद्याच्या राज्यावर व्याख्यान देणे जरा अवघडच.

पण बंदुकीने नागरिक किती वेळा स्वतःचा बचाव करतो, याचे उत्तर विचारले की गाडी घसरते. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये दूरध्वनी-पाहणीवरून वर्षाला २५ लाख वेळा असा आकडा काढला. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीतून निघणारा आकडा लाखाच्या अलीकडे-पलीकडे राहतो. पंचवीस पटींचा फरक! इतका फरक असलेल्या आकड्यांवर कुठलाही शहाणा माणूस दुकान टाकणार नाही, धोरण तर दूरच. त्यात अमेरिकी संसदेने १९९६ मध्ये रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजपत्रकात अशी तरतूद घुसवली की बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी पैसा वापरायचा नाही. संशोधक घाबरले आणि या विषयावरचे सरकारी संशोधन वीसेक वर्षे जवळजवळ थंड पडले. पुरावा नाही, असे म्हणणाऱ्यांपैकी काहींनीच पुरावा गोळा होऊ दिला नव्हता.

टेक्ससमधल्या युवाल्डीचे उदाहरण दोन्ही बाजू वापरतात. २४ मे २०२२ रोजी तिथल्या प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. ३७६ सशस्त्र पोलीस आणि सुरक्षा कर्मचारी तिथे पोहोचले होते आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटे लागली. पोलिसांच्या भरवशावर राहू नका, असा बोध एका बाजूने घेतला. हातात बंदूक असलेला चांगला माणूस पुरेसा असतो म्हणता ना, ३७६ होते, असे दुसरी बाजू म्हणाली. मला दुसरे उत्तर जास्त पटते. आत शिरायला ते सगळे का कचरले, तर आतल्या १८ वर्षांच्या मुलाकडे असलेली रायफल त्यांना ठाऊक होती; आणि ती त्याने काही दिवसांपूर्वी दुकानातून कायदेशीरपणे घेतली होती.

जुलमी सरकारविरुद्ध जनतेकडे शस्त्र हवे, हा अमेरिकी विरोधकांचा सर्वांत जुना मुद्दा. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती त्यासाठी पुढे केली जाते. रणगाडे आणि ड्रोन असलेल्या सरकारपुढे घरातली रायफल काय करणार, असे म्हणून हा मुद्दा हसण्यावारी नेता येतो. पण त्याच्या पोटात एक खरा मुद्दा दडला आहे, आणि कडक कायद्याच्या विरोधातला सर्वांत दमदार युक्तिवाद मला तोच वाटतो: शस्त्र कुणाला द्यायचे हे जो ठरवतो, तो कुणाला नाकारतो?

१९५६ मध्ये अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला. नाकारला गेला. जिवाला धोका नाही असे तर कुणी म्हणू शकले नसते. पण कायद्यात अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा होती, आणि अधिकारी गोरे होते. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यकर्ते उघडपणे बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले; भरलेली बंदूक उघडी मिरवण्यावर बंदी घालणारे मलफर्ड विधेयक त्यानंतर मंजूर झाले आणि त्यावर सही केली राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी. पुढे बंदूक-हक्कवाल्यांचे दैवत झालेले हेच रेगन. २०२२ मध्ये न्यूयॉर्कचा शतकभर जुना परवाना-कायदा सर्वोच्च न्यायालयात पडला तो पुराणमतवादी न्यायमूर्तींच्या बहुमताने. पण तो पाडावा म्हणून अर्ज करणाऱ्यांत गरिबांचे खटले लढवणारे सरकारी बचाव-वकीलही होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. परवाना मिळतो वजनदारांना. विनापरवाना पकडले जातात आमचे काळे आणि लॅटिनो अशील.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. लॉर्ड लिटनने १८७८ मध्ये आणलेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. काँग्रेसने त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा ठराव केले. गांधीजींनी १९१८ मध्ये या कायद्याची गणना ब्रिटिशांच्या काळ्याकुट्ट कृत्यांत केली, आणि अमेरिकेतले बंदूक-हक्कवाले ते वचन आजही मोठ्या हौसेने वापरतात. ते लिहिले होते सैन्यभरतीच्या पत्रकात, एवढे मात्र सांगायचे राहून जाते. कायदा असूनही शस्त्र यायचे ते आलेच. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ते ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस पिस्तुलांतले होते.

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला, तेव्हा जुनी जखम ताजी होती. म्हणून त्यात एक वेगळे कलम आहे: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. बाकी कायदा कडकच आहे. पोलिसांचा चौकशी अहवाल लागतो. २०१६ च्या नियमांनी वैद्यकीय दाखला, सुरक्षित साठवणीची हमी आणि प्रशिक्षण आणले. २०१९ च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच शस्त्रांची मर्यादा घातली. कागदावर पाहिले तर अमेरिकेच्या बहुतेक राज्यांपेक्षा आपण कितीतरी पुढे.

तरीही गोळ्या चालतात. गुन्हेगार कायदा पाळत नाही, हा विरोधकांचा मुद्दा अमेरिकेपेक्षा भारतात जास्त लागू पडतो. अमेरिकेत बेकायदा बंदूक बहुधा कुठल्यातरी दुकानातून कायदेशीरपणे विकली गेलेली असते. शिकागोत पकडलेल्या बंदुकांतल्या बहुसंख्य सैल कायद्याच्या दुसऱ्या राज्यांतून येतात. शेजारचे राज्य कडक झाले तर तिथे फरक पडेल. आपल्याकडे बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतांशी विनापरवाना शस्त्र वापरलेले असते, आणि ते कुठल्या दुकानातून निसटलेले नसून मुळात तसेच जन्मलेले असते. बिहारचे मुंगेर सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या कागदांत अधिक वेळा येते ते चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडचे, मध्य प्रदेशातले उमर्टी. पिढीजात लोहारकाम जाणणारे हात तिथे देशी पिस्तुले घडवतात. या गावठी कट्ट्याला परवान्याच्या नियमांशी देणेघेणे नाही. अर्जाच्या नमुन्यात आणखी चार रकाने वाढवले म्हणून तिथली भट्टी विझणार नाही. ते काम पोलिसांचे आणि पर्यायी रोजगाराचे आहे.

मात्र ‘परवानाधारक म्हणजे सज्जन’ हे त्यातून निघत नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, सत्ताधारी पक्षाच्या आमदाराने प्रतिस्पर्धी नेत्यावर गोळ्या झाडल्या. दालनातल्या कॅमेऱ्याने ते टिपले. सहाच दिवसांनी दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाचा समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात खून झाला. पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे, परवाना उत्तर प्रदेशातला. मग डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यात बंदूक वापरली गेली नव्हती. पण त्या निमित्ताने जिल्ह्याच्या शस्त्रपरवान्यांची यादी चव्हाट्यावर आली. हजाराहून अधिक परवाने. त्यांत गुन्हे दाखल असलेलेही. कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांच्या, हवेत बार काढणाऱ्यांच्या चित्रफिती फिरू लागल्या. पुढच्या काही महिन्यांत प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. कायदा त्या महिन्यांत एका अक्षरानेही बदललेला नव्हता. आधी होता तोच वापरला, एवढेच.

इथे ऑस्ट्रेलियाची ती अट आठवावी. आपल्याकडे स्वसंरक्षण हेच परवान्याचे मुख्य कारण आहे. धोका आहे का, किती आहे, हे पोलीस ठाण्याचा अहवाल सांगतो आणि जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरवतात. म्हणजे भीती मोजायची. वाळूच्या धंद्यातल्या माणसाला धोका असतोच. बिल्डरला असतो, नगरसेवकाला असतो, त्याच्या विरोधकाला असतो. आणि धोका जितका जास्त तितकी पत मोठी, अशी उलटी गणना सुरू झाली की पिस्तूल संरक्षणासाठी उरत नाही, ते लग्नाच्या वरातीत दिसावे म्हणून घेतले जाते. ऑस्ट्रेलियाने भीती मोजायचे नाकारले. त्यामुळे तिथल्या एकट्या राहणाऱ्या बाईवर, छळणाऱ्या नवऱ्यापासून लपलेल्या बाईवर अन्याय होतो, हा आक्षेप खरा आहे. पण तिच्यासारख्या किती बायांना बीडमध्ये परवाना मिळाला असेल?

दुसऱ्या टोकाला सिंधुदुर्ग-रत्नागिरीतला शेतकरी आहे. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची किंवा एकनळी बारा बोअरची बंदूक असते. वानर आणि रानडुकरे भात-काजूची नासाडी करतात, त्यांना हुसकवायला ती लागते. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. कुणाकडून जमा करून घ्यायची हे छाननी समितीने प्रत्येकाचे प्रकरण पाहून ठरवायचे असते. सरसकट आदेश देणे सोपे, म्हणून बहुधा तेच होते. ग्रामपंचायत, विधानसभा, लोकसभा मोजली तर त्याची बंदूक ठाण्यात बरेच दिवस काढते आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसते. ज्याच्या बंदुकीचे कारण शेतात जाऊन डोळ्यांनी पाहता येते, त्याच्यावर नियम पूर्ण कडक. ज्याचे कारण एका अहवालातल्या दोन ओळींत आहे, त्याच्यावर लवचीक.

म्हणून कडक कायदा हवा की नको, या प्रश्नाला माझे उत्तर ‘हवा’ असेच आहे. पुराव्याचे पारडे तिकडे झुकते, आणि ते मुख्यतः घरातल्या कपाटामुळे झुकते. पण विरोधकांच्या ज्या शंकेला समर्थक कधी नीट उत्तर देत नाहीत, ती परवान्यावर सही करणाऱ्याबद्दलची शंका आपल्याकडे रोज खरी ठरते. तिच्यासाठी नवे कलम लागत नाही. प्रत्येक जिल्ह्याने वर्षातून एकदा जाहीर करावे: एकूण परवाने किती, स्वसंरक्षणाचे किती आणि शेतीचे किती, नवे अर्ज किती आले, किती फेटाळले, गुन्हा दाखल झाल्यावर किती परवाने थांबवले. कुणाचे नाव द्यायची गरज नाही, कुणाच्या सुरक्षेला धक्का लागत नाही. आकडे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत असतातच. बीडचे बाहेर पडायला एका सरपंचाचा खून व्हावा लागला. इतर जिल्ह्यांचे आकडे मागायला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरायला हवा.